स्नोमोबाइलचा स्वे बार, अर्थात पोलादातला पीळ

इंदुरात बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या हातगाडीवरचा, रंध्यावर घासून काढलेला आणि वर कालाखट्टा ओतलेला. त्या बर्फावर कुणी गाडी चालवतं आणि तिच्या सस्पेन्शनवरून घराघरांत वाद होतात, हे मला भाच्यामुळे कळलं. तो कॅनडात, ऑन्टारिओत असतो. या हिवाळ्यात त्याने एक जुनी स्नोमोबाइल घेतली. एका रात्री आमची जेवणं झाली होती, त्याच्याकडे सकाळ होती. राजेंद्रनगरच्या घरी ओट्यावर बसलो होतो आणि त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, इथली मंडळी म्हणतायत, स्वे बार काढून टाक, गाडी एकदम हलकी वाटते. काढू का?"

मामाला गाड्यांतलं सगळं कळतं, हा त्या घराचा जुना गैरसमज आहे. पिथमपूरच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली. त्यातली बरीच वर्षं सस्पेन्शनपाशी, म्हणजे स्प्रिंगा, बुश आणि आर्म यांच्या संगतीत. स्नोमोबाइल मात्र एकदाच पाहिली, गुलमर्गला. तिथे तिला स्नो स्कूटर म्हणतात. चालवायला दिली नाहीच, मागे घट्ट धरून बसलो. तेव्हा वाटणी सरळ झाली: बर्फ भाच्याचा, पीळ माझा. कारण हा सगळा विषय पिळाचाच आहे.

आधी गाडी डोळ्यांसमोर आणू. आपली ऑटोरिक्षा घ्या आणि तोंड फिरवून उलटी उभी करा. रिक्षाला पुढे एक चाक आणि मागे दोन. स्नोमोबाइलला पुढे दोन स्की आणि मागे एकच रुंद रबरी पट्टा. त्याला ट्रॅक म्हणतात. इंजिन पुढे, चालवणारा बुलेटवर बसावं तसा मध्ये टांग टाकून. आखीव वाटांवर चालवायच्या गाडीत दोन स्कींमधलं अंतर साधारण ४२-४३ इंच असतं, म्हणजे मीटरपेक्षा किंचित जास्त. मागचा पट्टा मात्र बहुतेक १५ इंच रुंद, म्हणजे ३८ सेंटिमीटर. पुढे पाय फाकवून आणि मागे पाय जुळवून उभं राहिल्यासारखी ही बैठक आहे. पुढे हिशेब करताना ती लागेल.

प्रत्येक स्कीला स्वतःचे आर्म, म्हणजे तिला गाडीच्या अंगाशी जोडणारे वर-खाली हलणारे दांडे, स्वतःची स्प्रिंग आणि स्वतःचा शॉकअप असतो. डावी स्की उंचवट्यावर चढली तरी उजवीला त्याची खबर नसते. आणि नेमकी इथे स्वे बारची चुगली सुरू होते.

हा बार म्हणजे बादलीच्या कडीसारखा वळवलेला पोलादी दांडा, फक्त कोपरे जरा काटकोनी. मधला सरळ भाग गाडीच्या अंगाला आडवा, दोन रबरी किंवा प्लॅस्टिकच्या बुशांत, म्हणजे दांडा धरून ठेवणाऱ्या कड्यांत, बसवलेला. बुशांत तो फिरू शकतो. दोन्ही टोकं छोट्या जोडदांड्यांनी, म्हणजे लिंकांनी, डाव्या आणि उजव्या आर्मला जोडलेली. आपल्याकडच्या बऱ्याच कारच्या पोटाखाली असाच दांडा असतो. इंदूरचे मिस्त्री त्याला स्टेबलायझर म्हणतात, पुस्तकांत अँटी-रोल बार म्हणतात, अमेरिकेकडे स्वे बार. देव एकच.

तो काम कसं करतो? लहानपणी नारायणबागेतल्या वाड्यात आजी आणि मोलकरीण मिळून ओली धोतरं पिळायच्या. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं. दोघींनी एकाच दिशेने मनगट फिरवलं तर धोतर नुसतं गरगर फिरतं, थेंबभर पाणी निघत नाही. एकीने उजवीकडे आणि दुसरीने डावीकडे फिरवलं की पीळ बसतो आणि हाताला जोर लागतो. स्वे बार हे पोलादी धोतर आहे. दोन्ही स्की एकदम वर गेल्या की तो बुशांत निवांत फिरतो, काहीही विरोध करत नाही. एक स्की वर आणि एक खाली, असं झालं की त्याला पीळ बसतो, आणि पोलादाला पीळ आवडत नाही. तो सुटायला बघतो, म्हणजेच दोन्ही स्कींना पुन्हा एका पातळीवर आणायला बघतो.

हे आपल्याला रोज अनुभवता येतं. कॉलनीतला स्पीड ब्रेकर सरळ घ्या, दोन्ही चाकं एकदम. गाडी वर-खाली होते, पण डोकं बाजूला आपटत नाही. आता इंदुरी पद्धतीने घ्या, म्हणजे एक चाक ब्रेकरवरून आणि दुसरं कडेच्या फटीतून. गाडी कुशीवर हिसका देते आणि तुमचा कान खिडकीकडे जातो. त्या हिसक्यात स्टेबलायझरचा वाटा असतो. एका चाकाचं दुखणं त्याने दुसऱ्या चाकापर्यंत पोचवलेलं असतं.

पण त्याला ठेवलंय ते वेगळ्याच कामासाठी. वळणावर गाडीचं अंग बाहेरच्या बाजूला कलतं. बाहेरची बाजू दबते, आतली उचलली जाते. म्हणजे एक खाली, एक वर. म्हणजेच पीळ. बार त्या पिळाला विरोध करतो आणि गाडी कमी कलते.

हा विरोध किती, ते दांड्याच्या जाडीवर फार अवलंबून असतं. पिळाचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. समजा १२ मिलिमीटरचा बार काढून १४चा बसवला. डोळ्यांना फरक जाणवणारही नाही, पण ताठपणा जवळपास ८५ टक्क्यांनी वाढतो. उलट दांडा पोकळ केला तरी फार नुकसान होत नाही. २० मिलिमीटर व्यासाच्या दांड्यात १२ मिलिमीटरचं भोक ठेवलं तर वजन ३६ टक्क्यांनी उतरतं आणि ताठपणा जेमतेम १३ टक्क्यांनी. पिळाचं सगळं काम बाहेरची कातडी करते, मधलं पोलाद बहुतांशी बसून खातं. सरकारी कचेरीची आठवण होते, पण तो विषय वेगळा.

बारच्या पेटंटचा मान जातो स्टीफन कोलमन यांच्याकडे. साल १९१९, आणि माणूस कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकचा. म्हणजे ज्याच्या देशात माझा भाचा आज तो काढायला निघालाय, त्याच देशात तो जन्मला. आजच्यासारखी स्नोमोबाइल त्यानंतरची. बोंबार्डिए यांची स्की-डू क्यूबेकमध्ये १९५९ साली बाजारात आली. त्या काळच्या गाड्यांत स्कीवर पाट्याच्या स्प्रिंगा असत. उसळी इतकी थोडी की कलायला जागाच नव्हती. १९८०च्या सुमारास पुढच्या स्कींना कारसारखं स्वतंत्र, लांब उसळीचं सस्पेन्शन यायला लागलं. हाडं सुखावली, पण गाडी वळणावर डुलायला लागली. बार हा त्या सुखावर बसलेला कर आहे.

आता माझी फजिती सांगतो, कारण भाच्याचा प्रश्न ऐकल्यावर पहिली तीच आठवली.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या जुन्या हॅचबॅकला पुढून खट-खट आवाज यायला लागला. नेहमीचा मिस्त्री गावी गेलेला. दुसऱ्या एका गॅरेजात नेली. पोराने खाली डोकं घालून सांगितलं, "लिंक रॉड गई है अंकल. माल कल आएगा." मला दुसऱ्या दिवशी पहाटे आईला घेऊन ओंकारेश्वरला निघायचं होतं. त्याने दोन्हीकडच्या लिंका सोडवून डिकीत टाकल्या. "इसके बिना भी चलती है, टेंशन मत लो." आवाज गेला. मीही गप्प बसलो. सस्पेन्शनच्या टेबलावर पोट भरणाऱ्या माणसाने गप्प बसावं, याची लाज आजही वाटते.

शहरात तर गाडी आधीपेक्षा छान वाटली! खड्डे मऊ झाले, ब्रेकरवर डोकं हलेना. सिमरोलपर्यंत मी खूश. मग भेरूघाट लागला. पहिल्या वळणाला स्टिअरिंग फिरवलं, गाडी क्षणभर विचार करत राहिली, मग अंग टाकून बाहेर कलली, आणि त्यानंतर वळली. पुढचं वळण उलट्या बाजूचं. आधीचं कलणं सावरतंय तोवर दुसऱ्या बाजूचं सुरू. मागून आई म्हणाली, "अरे, होडीत बसल्यासारखं वाटतंय. घाट उतरलास की थांब, मला मळमळतंय." बडवाह येईपर्यंत मी ट्रकच्या मागे ट्रकच्याच चालीने गेलो.

गाडी उलटली नाही. टायरही सुटले नाहीत. गेलं ते उत्तर देण्याचं भान. तुम्ही हाताने विचारता आणि गाडी उशिरा उत्तर देते. सरळ रस्त्यावर, हळू वेगात त्याचा पत्ता लागत नाही, उलट गाडी सुधारल्यासारखी वाटते. स्वे बार काढून पार्किंगमध्ये किंवा गोठलेल्या तळ्यावर चक्कर मारणारा माणूस खूश होऊन परततो, तो याचमुळे. तो सिमरोलपर्यंतच गेलेला असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण भल्याभल्यांचा गोंधळ इथे होतो. वळणावर आतल्या बाजूचं वजन बाहेरच्या बाजूला जातं. किती जातं, ते ठरवतात वेग, वळणाची वक्रता, गाडीच्या वजनाचा मध्य किती उंच आहे आणि पाय किती फाकलेत, या गोष्टी. स्वे बार त्या यादीत जवळजवळ नाहीच. बार लावा, काढा, दुप्पट जाड करा, वजनाची ती बदली टळत नाही. ते कर्ज आहे, वळण घेतलं की फेडावंच लागतं. बार ठरवतो फक्त दोन गोष्टी: गाडी किती वाकून फेडणार, आणि पुढच्या बाजूने किती फेडायचं नि मागच्या बाजूने किती. पुढे बार असला तर पुढचा भाग जास्त हप्ता उचलतो.

कारमध्ये दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. स्नोमोबाइलमध्ये पहिली जीवघेणी, कारण तिची बैठक अरुंद आणि माणूस उंच बसलेला. कागदावर एक ढोबळ हिशेब करू. आकडे मी सोयीचे धरतोय, पण ते खऱ्याच्या आसपासचे आहेत.

गाडी आणि माणूस मिळून ३४० किलो. वजनाचा मध्य बर्फापासून ६० सेंटिमीटर उंच. वजनाचा पस्तीस टक्के भार स्कींवर, पासष्ट टक्के पट्ट्यावर. गाडी उलटते ती बाहेरच्या स्कीपासून पट्ट्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत जाणाऱ्या रेषेवरून. मधल्या रेषेपासून स्की ५३ सेंटिमीटरवर, पट्ट्याची कड १९ सेंटिमीटरवर. वजनाचा मध्य जिथे आहे तिथे ती उलटण्याची रेषा किती लांब पडते? ५३चे पस्तीस टक्के अधिक १९चे पासष्ट टक्के, म्हणजे साधारण ३१ सेंटिमीटर. हे आपलं भांडवल. ३१ भागिले ६०, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहून थोडं जास्त बाजूचं बळ लागलं की आतली बाजू हवेत.

आता बार काढला आणि गाडी वळणावर पाच अंश जास्त कलायला लागली असं धरा. ६० सेंटिमीटर उंचीवरचा मध्य त्यामुळे सुमारे ५ सेंटिमीटर बाहेर सरकतो. ३१चे उरले २६. भांडवलाचा सहावा हिस्सा नुसत्या झुकण्यात गेला.

घाबरायच्या आधी दुसरी बाजू पाहा. माणूस ८० किलोचा आहे. त्याने सीटवरून उठून अंग वळणाच्या आत ३० सेंटिमीटर टाकलं तर एकूण वजनाचा मध्य ७ सेंटिमीटर आत येतो. ३१चे झाले ३८! म्हणजे बारने दिलेलं संरक्षण माणूस अंगाने देऊ शकतो, वर दोन सेंटिमीटर व्याजही. घाटात बुलेटवर मागे बसलेली अनुभवी बायको कशी न सांगता वळणाबरोबर झुकते, आणि नवखा पाहुणा उलट ताठ होऊन कशी पंचाईत करतो, ते आठवा.

म्हणून "बार काढला आणि काही फरक पडला नाही" म्हणणारा आणि "बार काढला आणि पडता पडता वाचलो" म्हणणारा, दोघंही खरं बोलत असतात. पहिला अंग टाकून चालवतो, दुसरा सोफ्यावर बसल्यासारखा. भाच्याला मी विचारलं, तू कसा चालवतोस? तो म्हणाला, "मामा, सीटला हीटर आहे, उठतंय कोण!"

आतली स्की उचलली जाण्याबद्दलही दोन मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं बारमुळे स्की उचलली जाते, कुणी म्हणतं बार नसल्यामुळे. मला दोन्ही पटतात. बार असताना बाहेरची स्की दबली की पिळामार्फत आतलीलाही वर ओढ बसते, त्यामुळे ती लवकर हलकी होते. पण गाडी सपाट असते, स्की बर्फाजवळच तरंगते आणि चालवणाऱ्याला आधीच सूचना मिळते. बार नसताना आतली स्की स्वतःच्या स्प्रिंगवर खाली लोंबत जमिनीला चिकटून राहते, तिचा शॉकअप पूर्ण ताणला जाईपर्यंत. तोवर सगळं छान. ताण संपला की ती उचलली जाते, आणि तेव्हा गाडी आधीच कुशीवर आलेली असते. एकात धोका लवकर आणि हळू येतो, दुसऱ्यात उशिरा आणि एकदम.

मग बार काढणारे सगळे वेडे का? अजिबात नाही. ते दुसऱ्या बर्फात राहतात.

ऑन्टारिओ, क्यूबेककडे क्लबांनी यंत्राने दाबून सपाट केलेल्या हजारो किलोमीटरच्या वाटा आहेत, झाडांमधून वळणं घेत जाणाऱ्या. तिथला बर्फ रस्त्यासारखा कडक असतो. स्कीखाली कार्बाइडची धार असते, ती त्यात चावते. तिथे गाडी सपाट राहणं हेच सुख. पण पश्चिमेकडे, रॉकी पर्वतात, कमरेइतका भुसभुशीत बर्फ पडतो, पिठासारखा. त्याखाली कडक जमीन हाताशी नसते. गाडी त्यात पोहते. तिथे हँडल फिरवून कुणी वळत नाही, गाडी अख्खी कुशीवर पाडून वळतात. माणूस उभा राहतो, दोन्ही पाय एकाच बाजूच्या पायरीवर ठेवतो, गाडी अंगावर ओढून घेतो आणि एका स्कीच्या नि पट्ट्याच्या कडेवर तिला नांगरासारखी चालवतो.

डोंगराच्या उतारावर आडवं जायचं असेल तर हा फरक आणखी स्पष्ट होतो. बारची इच्छा एकच: गाडीने दोन्ही स्कींखालच्या पृष्ठभागाशी समांतर राहावं. सपाट वाटेवर ही इच्छा सोन्यासारखी. पण उतारावर पृष्ठभागाशी समांतर राहणं म्हणजे दरीकडे कलणं. चालवणाऱ्याला गाडी क्षितिजाशी समांतर हवी असते, वरच्या बाजूची कड उतारात रुतवून. तो गाडी वर ओढतो आणि बार तिला खाली ढकलतो. दिवसभर हे भांडण केलं की खांदे जातात. म्हणून डोंगरी गाड्यांत स्कींमधलं अंतर कमी ठेवतात, साधारण ३६ ते ३८ इंच, आणि स्वे बार अनेकदा पातळ असतो, सोडवता येईल असा असतो किंवा कारखान्यातूनच दिलेला नसतो. पट्टाही लांब, आणि त्यावरच्या रबरी वल्ह्यांची उंची अडीच-तीन इंच.

थोडक्यात, बार काढायचा सल्ला बहुधा डोंगरातून उतरून मैदानात आलेला असतो. भाच्याला सल्ला देणारा मित्र मूळचा कुठला, म्हणून विचारलं. तो निघाला ब्रिटिश कोलंबियाचा.

आता एक पळवाट, जी सगळ्यांना सुचते आणि जिच्यात अर्धंच तथ्य आहे. "बार काढू आणि स्प्रिंगा कडक करू, म्हणजे झालं." स्प्रिंगच्या तळाची नट फिरवून ती दाबून ठेवली, ज्याला प्रीलोड म्हणतात, तर साध्या स्प्रिंगचा ताठपणा वाढत नाही. गाडी पुढून उंच होते, स्कीवरचा दाब बदलतो, हाताला फरक जाणवतो, पण प्रत्येक सेंटिमीटर दबायला लागणारं बळ तेवढंच राहतं. कलणं खरंच कमी करायचं तर जास्त ताठ स्प्रिंग विकत घ्यावी लागते, किंवा हवेवरचे शॉकअप असतील तर त्यांतला दाब वाढवावा लागतो. आणि मग दुसरं दुखणं उभं राहतं. ताठ स्प्रिंग दोन्ही स्की एकदम आपटल्या तरीही ताठच असते. उसळत्या वाटेवर, जिथे लागोपाठ लाटांसारखे उंचवटे असतात, ती मनगटं मोडते. धोतर आठवा: एकाच दिशेने फिरवलं तर बार अंग काढून घेतो. फक्त कलण्याच्या वेळी हजर आणि एरवी गैरहजर राहणारी स्प्रिंग कुणाला हवी असेल तर तिचंच नाव स्वे बार. त्याचं काम स्प्रिंगकडून करून घेणं म्हणजे रात्रीच्या पहारेकऱ्याला दिवसाही शिट्ट्या वाजवायला बसवणं.

हेही खरं की काढल्याचे फायदे वाटेवरही मिळतात. एका बाजूचा खड्डा किंवा बर्फाचं ढेकूळ एकाच स्कीला लागतं, गाडी कुशीवर हिसका देत नाही. हळू, झाडीतून, ओबडधोबड जागेतून जाणाऱ्याला हे फार बरं वाटतं. आपल्याकडच्या जीपवाल्यांना हे ठाऊक असतं. खडकांतून जाताना पुढचा बार सोडतात, म्हणजे चाकं हवी तितकी वर-खाली होतात, आणि डांबरावर आल्यावर परत जोडतात. परदेशात काही जीपना त्यासाठी डॅशबोर्डवर बटणच असतं. सोडणं हा गुन्हा नाही, जोडायला विसरणं हा आहे.

भाच्याला मी आधी एकच काम सांगितलं: बार राहू दे, बुश काढून पाहा. माझा जुना संशय असा, की बार काढल्यावर गाडी मऊ झाली म्हणणाऱ्यांतल्या काहींचा बार मुळात जाम असतो. बुशांत पाणी, गंज आणि बर्फ जाऊन बसतो. जाम बार बुशांत फिरत नाही. म्हणजे दोन्ही स्की एकदम वर जातानाही तो अडवतो, जे त्याने करायचंच नाही. तो काढला की गाडी सुधारणारच. पण मग दोष बारचा नव्हता, ग्रीसचा होता.

तरी प्रयोग करायचाच असेल तर पद्धत अशी. दोन्हीकडच्या लिंका सोडवायच्या, एकीकडची कधीच सोडून ठेवायची नाही. खरं तर एकीकडची सोडली की बारचं काम थांबतंच, कारण धोतराचं एक टोक सुटलं. पण ते मोकळं टोक आर्मवर आपटत राहतं आणि कुठेतरी अडकलं तर स्टिअरिंगचं भजन होतं. मोकळी टोकं पक्की बांधायची, नाहीतर बार पूर्ण काढून घरी ठेवायचा. मग ओळखीच्याच वाटेवर, ओळखीच्याच वळणांवर, नेहमीपेक्षा कमी वेगात जायचं, आणि उजवं-डावं अशी लागोपाठची दोन वळणं मुद्दाम घ्यायची. एकट्या वळणावर काही कळत नाही. पहिल्या वळणाचं झुकणं दुसऱ्यात कसं उतरतं, ते पाहायचं. माझा भेरूघाट तिथे होता.

हे वाचून कुणी आपल्या कारखाली शिरणार असेल तर एक सूचना. स्नोमोबाइलमध्ये बार बहुधा फक्त कलण्यापुरता असतो, बाकी आर्म स्वतःच्या जागी पक्के असतात. जुन्या काही कारमध्ये तसं नाही. मॅकफर्सन पद्धतीच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या, सुरुवातीच्या सस्पेन्शनमध्ये, आणि आपल्या मारुती ८००मध्येही, पुढचा स्टेबलायझरच खालच्या आर्मला पुढे-मागे सरकण्यापासून धरून ठेवतो. तिथे त्याला काढणं म्हणजे गाडी डुलायला लावणं नव्हे, ब्रेक मारल्यावर चाक जागेवरून हलू देणं आहे. माझ्या हॅचबॅकला वेगळ्या लिंका होत्या, म्हणून त्या पोराचं "बिना भी चलती है" निभावलं.

आठ दिवसांनी भाच्याने फोटो पाठवला. गॅरेजात उणे अठरा, हातात बारचे दोन बुश. एकाला भेग गेलेली, दुसरा दांड्याला असा चिकटलेला की हातोडी लागली. मापासाठी शेजारी कॅनडाचा डॉलरचा बंदा ठेवलेला. खाली प्रश्न: "मामा, नवीन मागवले, दोन आठवडे लागतील. तोवर बार काढून चालवू?"

मी तो फोटो माझ्या नेहमीच्या मिस्त्रीला दाखवला. त्याने मोबाइल लांब धरला, जवळ धरला, चश्मा कपाळावर सरकवला. "ये तो स्टेबलायझर का बुश है," तो म्हणाला. "कौन सी गाड़ी का है?"

"बरफ पे चलती है," मी म्हणालो.

"नाप भेज दो उनको बोलो. अपने यहाँ किसी न किसी का बैठ जाएगा."